दुपारची शाळा : नववीनंतर घरी बसलेल्या मुलींसाठी

नववीत नापास झालेल्या मुलीचे पुढे काय होते, याची नोंद कुठल्याही एका वहीत सापडत नाही. शाळेच्या दप्तरात तिने टी.सी. नेली की नाही एवढेच कळते, शेजारीपाजारी 'आता ती घरीच असते' एवढे सांगतात, आणि दोन-तीन वर्षांनी तिच्या लग्नाची पत्रिका आली की तिच्या शिक्षणाचा विषय कायमचा मिटतो. इंदूरच्या शासकीय शाळांत मी सामाजिक विज्ञान शिकवत होते; निवृत्तीनंतर मालवा मिल आणि पाटणीपुरा भागातल्या अशा मुलींसाठी चालणाऱ्या एका लहानशा दुपारच्या वर्गात शिकवते. ओळखीच्या लोकांना वाटते की ही एखादी फुकट शिकवणी असावी. तिथे नेमके काय चालते आणि अशा जागा आपल्या शहरात अधिक का हव्यात, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शाळा सुटलेल्या मुलीला दहावीची परीक्षा देण्याचा मार्ग आपल्याकडे आहे, आणि तो चांगला आहे. तिला मिळत नाही ती दिवसा बसायची जागा, जिथे शिकवणारी आणि ऐकून घेणारी तीच ती माणसे तिला रोज भेटतील, आणि जिथून संध्याकाळी ती आपल्या घरी परत जाईल. परीक्षेची सोय झाली म्हणजे शिक्षणाची सोय झाली, असे आपण धरून चाललो आहोत, आणि या गैरसमजात दरवर्षी कितीतरी मुली मागे राहतात.

आधी नववीबद्दल. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आहे. शाळेतले दुपारचे जेवण आठवीपर्यंत मिळते. म्हणजे ज्या सुमारास मुलीचे वय चौदाच्या पुढे जाते, त्याच सुमारास तिची शाळा बदलते, जेवण थांबते, गणित आणि विज्ञान एकदम अवघड होते, आणि आठवीपर्यंत कशीबशी वर सरकत आलेल्या मुलीला सलग एक परिच्छेदही नीट वाचता येत नाही हे तिमाही परीक्षेत सगळ्या वर्गासमोर उघड होते. घरातही हेच वर्ष बदलाचे असते. पाळी सुरू झालेली असते, येण्याजाण्यावर नजर राहू लागते, स्वयंपाक आणि धाकटी भावंडे तिच्याकडे येतात. इतक्या गोष्टी एका वर्षात येऊन पडतात आणि निकालपत्रावर मात्र त्या सगळ्यांचे खापर मुलीच्या बुद्धीवर फुटते, हे मला शिक्षिका म्हणून नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे.

आमच्या भागाची पार्श्वभूमी इथे सांगितली पाहिजे. वर्गातल्या मराठी मुलींपैकी अनेकींचे पणजोबा गिरणीकामासाठी इंदूरला आले होते. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागला. मधल्या बत्तीस वर्षांत या घरांतल्या बायकांनी रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यांसाठी धागे कापले, काज-बटणे केली, नमकीनच्या कारखान्यांत पुड्या भरल्या, धुणीभांडी केली. आई बाहेर पडली की घरात दुसरी बाई कोण, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत तेरा-चौदा वर्षांची मुलगी हेच असते. त्यामुळे तिला शिकवायचे असेल तर तिच्या दिवसाचे गणित आधी समजून घ्यावे लागते.

या गणिताचे एक उदाहरण देते. मध्यंतरी एका मुलीची हजेरी बरोबर एक दिवसाआड लागत होती. आमच्या सहकारी ताईंनी हजेरीपटावर बोट ठेवून ते दाखवले आणि त्या दुपारीच तिच्या घरी गेल्या. इंदूरच्या अनेक वस्त्यांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. तिच्या गल्लीतली नळाची वेळ बदलून साडेअकराच्या पुढे गेली होती, आई कामावर, भाऊ शाळेत, आणि आजीला हंडा उचलवत नव्हता. ताईंनी समोरच्या घरातल्या मावशींशी बोलून त्यांच्या मोटारीची नळी या घराच्या पिंपात सोडायची व्यवस्था लावली आणि मुलगी रोज येऊ लागली. नियमित शाळेत ७५ टक्के हजेरीची अट असते. तिथे याच मुलीच्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा पडला असता, आणि पिंप भरण्याची गोष्ट कोणाला कळलीही नसती. त्या शाळेतल्या शिक्षकांना मी दोष देत नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे अंगावर असताना, कोणता शिक्षक एका मुलीच्या नळाची वेळ विचारायला जाऊ शकेल? मीही तशाच वर्गांत वर्षानुवर्षे शिकवले आहे.

शाळा का सोडली असे विचारले तर आईवडील 'अभ्यासात मन नव्हते' असे सांगतात. बऱ्याच भेटींनंतर दुसरे कारण पुढे येते, आणि आजकाल ते बहुधा मोबाइलशी जोडलेले असते. एखाद्या मुलाचा संदेश भावाच्या नजरेला पडलेला असतो, किंवा कुणीतरी तिचा फोटो तिच्या नकळत फिरवलेला असतो, आणि मग घराने एकाच वेळी मोबाइल, शाळा आणि मैत्रिणी असे तिन्ही बंद केलेले असते. ज्या मुलीवर अन्याय झाला तिलाच घरात कोंडले जाते, आणि ती हळूहळू बोलणे कमी करते. कुठे घरात दारू आणि मारहाण असते. कुठे आई किंवा वडील गेलेले असतात आणि त्या दुःखाबद्दल घरात कोणी एक अक्षर काढत नाही. तब्येतीचा प्रश्न तर जवळजवळ प्रत्येकीचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयोगटाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. डोके दुखणे, दुपारी पेंग येणे, जिना चढताना धाप लागणे, वाचलेले लक्षात न राहणे ही सारी त्याची लक्षणे आहेत, आणि शाळेत व घरी त्यांनाच आळस म्हटले जाते. शाळेत असताना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते; शाळा सुटलेल्या मुलीने ती अंगणवाडीतून घ्यायची असते, आणि सोळा वर्षांची मुलगी लहान मुलांच्या अंगणवाडीत गोळी मागायला सहसा जात नाही.

आता परीक्षेच्या मार्गाबद्दल, कारण तो पुष्कळ पालकांना नीट माहीत नसतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एन.आय.ओ.एस., ही १९८९ साली स्थापन झाली. वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही मुलगी तिथे दहावीसाठी नाव घालू शकते. आठवीची गुणपत्रिका नसेल तर आपण दहावीचा अभ्यास करू शकतो असे स्वतःचे लेखी निवेदनही चालते. पाच विषय घ्यायचे असतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि नाव घातल्यापासून पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकेक विषय सोडवत गेले तरी चालते, आणि पूर्वी उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांचे गुण पुढे नेता येतात. भाषांमध्ये मराठी आहे. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री असे विषय आहेत, आणि गणित सक्तीचे नाही. मध्य प्रदेशाचे स्वतःचे राज्य मुक्त शाळा मंडळही आहे, आणि २०१६ पासून त्याच्या 'रुक जाना नहीं' योजनेतून दहावी-बारावीत नापास झालेल्यांना त्याच वर्षी पुन्हा परीक्षा देण्याची संधी मिळू लागली. समग्र शिक्षा योजनेत १६ ते १९ वयाच्या शाळाबाह्य मुलांना मुक्त शाळेतून शिकण्यासाठी वर्षाला २,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

हे सगळे ऐकून सुशिक्षित माणसाला वाटते की मग प्रश्न सुटलाच. माझा अनुभव असा की इथून प्रश्न सुरू होतो. अर्ज भरताना आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा रहिवासी ओळख क्रमांक) आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर मुलीचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. अर्ज एकदाचा जातो आणि मग घरी पुस्तकांचा गठ्ठा येतो, जो आठवीपर्यंत धडपडत आलेल्या मुलीने एकटीने वाचावा अशी अपेक्षा असते. वीस टक्के गुणांचे गृहकार्य वेळेत जमा करायचे असते, ते बहुतेक वेळा जवळच्या कोचिंगवाल्याकडून विकत आणले जाते. मुलगी घरीच असल्यामुळे तिचा अभ्यास हा घरकामातून उरलेल्या वेळाचा विषय होतो, आणि असा वेळ उरत नाही. नऊ संधी हा मोठा दिलासा आहे, पण एकटीने घालवलेल्या नऊ संधी म्हणजे नऊ वेळा नापास होणे, आणि तेवढे सोसण्याची ताकद तिच्यात असती तर ती शाळेतच टिकली असती.

दिवसा येऊन शिकण्याच्या जागेची ही कल्पना आपल्याला नवी नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले तेव्हा शिकण्याचे वय उलटून गेलेल्या, संसारात पडलेल्या आणि विधवा स्त्रियांसाठी तिथे प्राथमिक शिक्षणाचे वर्ग चालवले गेले, आणि जोडीला शिवण व परिचारिकेच्या कामाचे शिक्षणही होते. दुर्गाबाई देशमुख चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी म्हणून मराठी घरांत माहीत असतात. त्यांचे स्वतःचे लग्न आठव्या वर्षी झाले होते, ते त्यांनी पुढे मोडले, आणि मॅट्रिकची परीक्षा त्यांनी मोठेपणी बाहेरून दिली. त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष होत्या, आणि १९५८ मध्ये या मंडळाने शाळा सुटलेल्या स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केला, ज्यात दोन वर्षे नीट शिकवून त्यांना परीक्षेला बसवले जाई. वर्ग, शिक्षिका आणि वेळापत्रक ही त्या योजनेची मुख्य गोष्ट होती आणि परीक्षा ही तिचा शेवट होता. आज आपण फक्त शेवट शिल्लक ठेवला आहे, असे मला वाटते.

परदेशातले एक उदाहरण मला फार शिकवून गेले. अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात जॅक्सनव्हिल इथे १९८५ साली विकी बर्क यांनी पेस सेंटर फॉर गर्ल्स ही संस्था सुरू केली. शाळेत मागे पडलेल्या, घरातल्या हिंसेतून आलेल्या किंवा पोलिसांच्या वाटेला लागण्याच्या बेतात असलेल्या मुलींना सुधारगृहात पाठवण्याऐवजी दिवसभराची विनाशुल्क शाळा द्यायची, असा तो विचार होता. तिथे वर्ग लहान असतात, आणि समुपदेशक व शिक्षिका एकाच छपराखाली काम करतात, त्यामुळे सकाळी रडत आलेल्या मुलीला गणिताच्या तासाला काय सांगायचे हे शिक्षिकेला माहीत असते. एम.डी.आर.सी. या संशोधन संस्थेने तिथल्या अनेक केंद्रांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलींची तुलना केली, तेव्हा पहिल्या गटातल्या मुली शाळेत टिकून राहण्याचे प्रमाण अधिक दिसले. त्यांचा पैसा आपल्याकडे नाही, पण शिकवणे आणि ऐकणे वेगळे न काढण्याची पद्धत आपल्याला परवडण्यासारखी आहे. आपल्या देशातही अशा कामाची दखल घेतली जाऊ लागली आहे. एज्युकेट गर्ल्स या संस्थेला २०२५ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा १५ ते २९ वयाच्या मुली व तरुणींना मुक्त शाळेतून शिकवणाऱ्या तिच्या 'प्रगती' उपक्रमाचा विशेष उल्लेख झाला. ३०० जणींपासून सुरू झालेला हा उपक्रम ३१,५०० हून अधिक जणींपर्यंत पोहोचला आहे.

आमच्या वर्गाची वेळ अकरा ते तीन आहे. सकाळचा स्वयंपाक आटोपून मुलगी निघू शकते आणि धाकटे भावंड शाळेतून यायच्या आत परत पोहोचते, म्हणून ही वेळ ठरली. आल्याबरोबर खायला दिले जाते. कधी पोहे, कधी खिचडी, हिवाळ्यात गुळ-शेंगदाणे. हे दानधर्म म्हणून दिले जात नाही, उपाशी पोटी अपूर्णांक समजत नाहीत म्हणून दिले जाते. नंतर दोन तास अभ्यास, मग तासभर हातकाम, आणि शेवटी पुन्हा वाचन. पहिले दोन-तीन महिने नववी-दहावीचे पुस्तक उघडायचे नाही, असा आमचा नियम आहे. मुलगी जिथे थांबली आहे तिथपासून सुरुवात करायची, मग ते तिसरीचे वाचन असले तरी तिसरीचे.

मागच्या वर्षी आलेल्या एका मुलीला पुस्तक पुढे केले की तिचा चेहरा घट्ट होत असे. तिच्या पिशवीत विजेचे बिल होते, जे तिला जाताना भरायचे होते. तेच आम्ही मध्ये ठेवले. मागील वाचन, चालू वाचन, एकूण युनिट. दोन वाचनांची वजाबाकी केली आणि उत्तर बिलावर छापलेल्या युनिटांशी जुळले, तेव्हा ती कितीतरी वेळ दोन्ही आकड्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "काकू, वजाबाकी म्हणजे हे होय? मग दादा दर महिन्याला बिलवाल्याशी भांडतो ते कशाला?" घरी जाऊन तिने मीटर वाचले. पुढच्या आठवड्यात ती शेजारच्या घरांची बिलेही घेऊन आली, आणि थकबाकीवर आकार कसा चढतो हे विचारत आम्ही टक्केवारीपर्यंत पोहोचलो. तिने पुढे एन.आय.ओ.एस.साठी नाव घालताना गणित घेतले. गणित टाळता येते हे खरे, आणि काही मुलींसाठी ते टाळणेच योग्य असते. तरी आयटीआयच्या अनेक अभ्यासक्रमांसारख्या पुढच्या कितीतरी वाटांना दहावीचे गणित-विज्ञान लागते, म्हणून मुलीला गणित येत नाही हा निकाल शिक्षकांनी घाईने देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

हातकामाचा तास शिवण शिकवण्यासाठी आहे असे बाहेरून दिसते. साडीला फॉल लावणे, ब्लाउजचे हूक, उसवलेले दप्तर शिवणे असे काहीतरी चालू असते आणि त्यातून थोडे पैसेही मिळतात. पण या तासाचे खरे मोल वेगळे आहे. समोरासमोर खुर्ची टाकून 'तुला काय त्रास होतो ते सांग' असे विचारले तर आमच्या मुली एक शब्द बोलत नाहीत. हात सुईत गुंतलेले असले, नजर कापडावर असली, शेजारी बसलेलीही आपल्या कामात असली, की बोलणे आपोआप सुरू होते. रात्री झोप लागत नाही, काकांची नजर बरी वाटत नाही, मनगटावर ब्लेड मारून घेतले होते, अशी वाक्ये या तासाला फॉलच्या टाक्यांमध्ये येतात. शिवणाच्या ताईंनी दोन गोष्टी शिकून घेतल्या आहेत: ऐकताना दचकायचे नाही, आणि ऐकलेले गल्लीत न्यायचे नाही. मुलींना शिवण शिकवली की आपले काम झाले, असे मानणाऱ्या योजनांशी माझे पटत नाही. शिलाईयंत्र देणे सोपे असते, आणि त्यामुळे मुलीच्या वाचनाचा प्रश्न तसाच राहून जातो.

गुप्ततेबद्दल इथे स्पष्ट लिहायला हवे, कारण असे वर्ग चालवू इच्छिणाऱ्या अनेकांना ते माहीत नसते. 'तू सांगशील ते मी कोणालाही सांगणार नाही' असे वचन आम्ही कोणत्याही मुलीला देत नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा मानत नाही, त्यामुळे सोळा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने एखाद्या मुलाबरोबर निघून गेली तरी प्रकरण पोलिसांत आणि बाल कल्याण समितीपुढे जाऊ शकते. हे मुलींना पहिल्या महिन्यातच सोप्या शब्दांत सांगितले जाते, म्हणजे पुढे फसवल्यासारखे वाटू नये. कळवायची वेळ येते तेव्हा तिला आधी सांगून, तिच्यासोबत जाऊन कळवले जाते. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक आणि मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, आणि प्रत्येकीच्या वहीच्या पहिल्या पानावरही आहे. स्वतःला इजा करणाऱ्या मुलीला डॉक्टरांकडे न्यावे लागते. मायेने बोलून ते बरे होईल असे समजून थांबणे धोक्याचे असते.

मग अशा मुलींना वसतिगृहात का पाठवू नये, असे पुष्कळ लोक विचारतात. ज्या घरात मुलगी सुरक्षित नाही तिथून तिला बाहेर काढलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. २००४ साली सुरू झालेल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांनी दूरच्या खेड्यांतल्या मुलींना शाळा दिली. इंदूरमध्येच १९८५ पासून बरली संस्थेने ग्रामीण आणि आदिवासी तरुणींना ठेवून घेऊन शिकवण्याचे मोठे काम केले आहे. पण शहरातल्या वस्तीत जिची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असूनही सुटली आहे, तिची अडचण अंतराची नसते. तिला त्याच घरात, त्याच गल्लीत राहून जगायचे असते, आणि रोज संध्याकाळी परत जाणाऱ्या मुलीमुळे त्या घरातही हळूहळू काही बदलते. आई एखाद्या दिवशी स्वयंपाक स्वतः उरकून तिला पाठवते. तिने वाचून दाखवलेले औषधाचे पाकीट आजी पुन्हा विचारून घेते. भावाला तिच्याकडून अर्ज लिहून घ्यावासा वाटतो. शिवाय वसतिगृहाला नकार देणारे वडील दुपारच्या चार तासांना तयार होतात, ही व्यवहाराची गोष्टही आहे.

वडिलांशी बोलण्याचे काम माझ्याकडे असते, बहुधा माझ्या पांढऱ्या केसांमुळे. शिक्षणाचे महत्त्व सांगायला मी जात नाही, ते त्यांना माहीत असते. मी लाडली लक्ष्मी योजनेचे प्रमाणपत्र काढायला सांगते. मध्य प्रदेशात २००७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ज्यांची नावे आहेत, त्यांना एकविसाव्या वर्षी एक लाख रुपये मिळतात, मात्र मुलगी बारावीच्या परीक्षेला बसलेली असावी आणि तिचे लग्न अठराच्या आत झालेले नसावे, अशी अट आहे. अनेक घरांत ते प्रमाणपत्र ट्रंकेत असते आणि अट कोणी वाचलेली नसते. एका वडिलांनी ती अट दोनदा वाचून घेतली आणि मला म्हणाले, "ताई, म्हणजे हिला दहावी करायलाच लागेल." लग्नाची बोलणी त्यांनी लगेच थांबवली नाहीत, पण पुढे ढकलली. वर्षभराचा वेळ मिळाला की पुष्कळ काही करता येते.

अशा वर्गाला लागते किती? एक स्वच्छ खोली, कडी लागणारे शौचालय, पाणी, दोन पगारी ताई, आठवड्यातून एकदा येणारी प्रशिक्षित समुपदेशक, खाण्याचा खर्च आणि परीक्षेची फी. पंचवीसच्या वर मुली घेऊ नयेत, कारण मग कोण कधीपासून गप्प आहे हे लक्षात राहत नाही. ताईंना पगार हवाच. ही सेवा फुकट करून घेतली की चांगल्या बाया वर्षभरात दमून सोडून जातात, आणि मुलींना पुन्हा एक माणूस सोडून गेल्याचा अनुभव येतो. यात सर्वांत अडते ते खोलीपाशी. भाड्याची खोली मिळते, पण वस्तीत 'मुलींचे काय चालते तिथे' अशी कुजबुज सुरू झाली की घरमालक दोन महिन्यांत जागा मागतो. आम्हाला हे एकदा भोगावे लागले आहे.

म्हणून इंदूरच्या मराठी मंडळींना माझी एक विनंती आहे. आपल्या मंडळांची, सभांची आणि गणेशोत्सव समित्यांची सभागृहे या शहरात जागोजागी आहेत. व्याख्याने, नाटके, हळदीकुंकू, लग्नकार्ये सारे संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी होते. कामाच्या दिवसांत अकरा ते तीन या वेळेत त्यांतली बहुतेक कुलूपबंद असतात. पन्नास-साठ वर्षांची, वस्तीत मान असलेली अशी वास्तू मिळाली तर कुजबुज आपोआप थांबते आणि आईवडील निर्धास्त होतात. वर्ग फक्त मराठी मुलींचा नसेल, हेही मी आधीच सांगते. पाटणीपुऱ्यात शेजारी शेजारी राहणाऱ्या मुली घरातल्या भाषेवरून वेगळ्या बसवता येत नाहीत आणि बसवू नयेत. एन.आय.ओ.एस.च्या एप्रिल-मेच्या परीक्षेसाठी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यातच नाव घालावे लागते, आणि त्याआधी दोन-तीन महिने वाचनाचे काम व्हायला हवे. त्यामुळे ज्या मंडळाला आपल्या सभागृहाबद्दल विचार करायचा असेल, त्यांनी तो होळीपूर्वीच्या कार्यकारिणीच्या बैठकीत घ्यावा. झाडलोट, विजेचे बिल आणि किल्लीची जबाबदारी लेखी घ्यायला आम्ही तयार आहोत.